खालचा बोलत नाही

भोंग्याचा फोन आला तेव्हा मी खाटेचे नटबोल्ट सोडवत बसलो होतो. खाट चौकीदाराला द्यायची ठरली होती, शेगडी त्याच्या बहिणीला.

"ये की लेका इकडं," भोंगा म्हणाला. "मुकादमानं सांगितलं मला सगळं. आमची वरची खोली आहे. मोठी खिडकी, मोकळी हवा. तुझीच समज. तिथं काय राहिलंय तुझं?"

माझं तिथं खरंच काही राहिलं नव्हतं. लोकांचं घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आम्ही दोघं जोडीनं होतो. भोंगा सासऱ्याचं घर मिळालं म्हणून नोकरी सोडून खेड्यात गेला, मी राहिलो. आता कंपनीनं शिडीची गाडी घेतली. गाडी खाली उभी करायची, शिडी खिडकीला लावायची, बटण दाबलं की सोफा आपला आपण वर. मुकादम ती गाडी दाखवताना असा खूश होता, जसं काही त्याला नातू झालाय. मग म्हणाला, "आता जिन्यावरची माणसं नकोत रे." जिन्यावरची माणसं म्हणजे मी. नोकरी गेली, आणि गोदामामागची खोली नोकरीचीच होती, तीही गेली. तिथं ते पुठ्ठ्याची खोकी ठेवणार होते. खोक्यांना ओल लागू नये म्हणून भिंती आधी रंगवून घेणार होते. मी राहत होतो तोवर ती ओल कोणाला दिसली नव्हती.

किल्ली मुकादमाच्या टेबलावर टाकली, एक बॅग आणि एक वळकटी उचलली आणि बस पकडली.

शहर सोडताना माणसाला गलबलून येतं म्हणतात. मला नाही आलं. बस निघाली आणि खिडकीतून एकेक इमारत मागं जायला लागली. त्यातल्या निम्म्यांचे जिने मला पाठ होते. त्या पिवळीच्या जिन्यात माझी दोन नखं गेली. पलीकडच्या काचवालीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं, फ्रिज वर चढवून झाल्यावर मला सांगितलं होतं, "भिंतीला टेकू नका, घामाचे डाग पडतात." दवाखान्यावरच्या घरात एका प्रोफेसरानं आम्हाला पाणी दिलं ते बागेला पाणी घालायच्या डब्यातून. एवढ्या घरांची चूल मी हलवली, पण कुठल्या घरात पाच मिनिटं खुर्चीवर बसलोय असं झालं नाही. खुर्च्या नेहमी माझ्याच डोक्यावर असायच्या.

शेजारी एक गृहस्थ बसले होते. नवी टोपी, गळ्यात दुर्बीण.

"फिरायला चाललात?" त्यांनी विचारलं.

"राहायला."

"वा! नशीबवान आहात. आम्हाला मेलं दोन दिवसांच्या वर जमत नाही. शहर सोडवत नाही ना."

"मला शहरानं सोडलं," मी म्हटलं. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर टायरची दुकानं होती.

भोंगा थांब्यावर आला होता. अंग सुटलेलं, दाढी गुळगुळीत, कपड्यांना साबणाचा वास. त्यानं मला मिठी मारली. मिठी मारताना त्याचे हात माझ्या खांद्यांवरून, मग दंडांवरून फिरले. बैल विकत घेणारा बघतो तसं. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. माणूस किती गाढव असू शकतो याला काही मर्यादा नाही.

"अजून खांबच आहेस की रे तू!" तो म्हणाला. "कंबर कशी आहे?"

"आहे."

"झालं तर मग!"

मला कंपनीत खांब म्हणायचे आणि त्याला भोंगा. हे का, ते आता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जिन्यातून जड वस्तू न्यायची तर माणसं दोन लागतात. एक वर, एक खाली. खालच्यावर ओझं येतं. वस्तू त्याच्या छातीवर असते, कपाळ लाकडाला टेकलेलं असतं, त्याला समोर लाकडाशिवाय काही दिसत नाही. वरच्याला सगळं दिसतं, म्हणून बोलायचं काम त्याचं. पायरी, वळण, कठडा, थांब, टेक. खालचा बोलत नाही. बोलायला श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडला की छाती बसते, छाती बसली की ओझं येतं अंगावर. म्हणून नियम असा, की खालच्याच्या तोंडून एक शब्द जरी आला, तर तो संपला असं समजायचं. वरच्यानं विचारायचं नाही की काय झालं, कसं झालं. आहे तिथं पायरीवर बसकण मारायची, टाचा रोवायच्या आणि ओझं पट्ट्यावर घ्यायचं. पट्टा एकच असतो, रुंद. तो वस्तूच्या बुडाखालून जातो आणि त्याची दोन टोकं दोघांच्या खांद्यांवरून येतात. एकानं सोडलं तर दुसरा वस्तूबरोबर जातो.

एवढ्या वर्षांत मी जिन्यावर तोंड उघडलं नव्हतं. एकदाही नाही. भोंगा बोलायचा, मी उचलायचो. चहाच्या टपरीवर पण तेच. मुकादमाशी तोच बोलायचा, बक्षिसी तोच मागायचा, आणि मी मागं उभा राहायचो.

घर दुमजली होतं, रस्त्यापासून आत, मागं उताराची शेतं. बरं घर होतं. दारात त्याची बायको उभी होती. वहिनींना मी लग्नात पाहिलं होतं, तेव्हा त्या हसत होत्या. आता नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बॅगेकडं, मग वळकटीकडं.

"एवढं सामान?" त्या म्हणाल्या.

"अगं, असू दे गं," भोंगा घाईघाईनं म्हणाला. "लांबून आलाय तो. चहा टाक."

"चहा टाकलाय. मी विचारतेय, एवढं सामान कशाला आणलं भाऊजींनी?"

"वहिनी, एवढंच आहे माझ्याकडं," मी म्हटलं.

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. भोंग्यानं टेबलावरची माशी उडवली. तिथं माशी नव्हती.

चहा पिताना तोच बोलत राहिला. इथली हवा, इथलं पाणी, इथं रात्री कशी झोप लागते. वहिनी काही बोलायला गेल्या की हा मध्ये शिरायचा. दोनदा झालं तसं. तिसऱ्यांदा त्या उठल्या आणि आत निघून गेल्या, आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, असेल नवराबायकोचं काही. माझा काय संबंध.

"चल, खोली दाखवतो तुला," भोंगा म्हणाला. "फक्त एक कपाट आहे तिथं. ते तेवढं खाली घेऊ दोघं. तुझ्यासाठीच जागा होईल."

खोली खरंच चांगली होती. खिडकी एवढी मोठी की मला दारच वाटलं. पडदे नवे, अजून घडीच्या रेषा गेल्या नव्हत्या. रुंद पलंगावर दोन नव्या उशा. दोन कशाला, असं मनात आलं होतं माझ्या. पण ज्याला राहायला जागा नसते तो उशा मोजत नाही.

आणि कपाट. ते बघून माझ्यातला जुना माणूस जागा झाला. छतापर्यंत उंच, जाड लाकूड, वरती कोरीव कंगोरा. वहिनींच्या वडिलांनी खोलीतच बसून बनवून घेतलेलं.

"गावातले चारजण येऊन बघून गेले," भोंगा म्हणाला. "सगळे म्हणतात, कापून काढावं लागेल. ही कापू देत नाही. बापाचं आहे म्हणते. मी म्हटलं, थांब, हे कपाट उतरवू शकेल असा एकच माणूस आहे जगात."

मला बरं वाटलं. लाज वाटते आता सांगायला, पण छाती फुगली माझी.

"दारं का नाही काढलीस?" मी विचारलं.

"बिजागऱ्या गंजल्यात. दोरीनं बांधलीत की."

"निम्मं वजन दारांचं आहे."

"तू आहेस ना!"

पट्टा मात्र त्यानं जपून ठेवला होता. कंपनीचाच, चोरून आणलेला. तो खांद्यावर घेतला आणि मी खाली झालो, तो वर. कोणी ठरवलं नाही. आमचे पाय आपोआप आपापल्या जागी गेले. हेच ते, ज्याची मला चीड येते. दार ओलांडून जिन्यावर आलो. कपाट छातीवर आलं, कपाळ टेकलं आणि जग लाकडाएवढं झालं. जुनं लाकूड, आत डांबरगोळ्यांचा वास.

"पायरी," भोंगा म्हणाला. "पायरी. अजून एक. जरा डावीकडं झुकव. शाब्बास. पायरी."

जिन्याला मध्ये एक वळण होतं आणि वळणावर कठडा. तिथं कपाट उभं करून, तिरकं करून, कोपरा कठड्यावरून न्यायचा होता. आम्ही ते अर्धं केलं होतं. वजन सगळं माझ्यावर, गुडघे थरथरत होते, पण थरथर चांगली असते. थरथर थांबली की घाबरायचं.

खालून वहिनींचा आवाज आला. "भिंतीला लागू देऊ नका! रंग ओला आहे अजून. संध्याकाळी ते लोक येतील आणि काळे डाग बघतील."

"नाही लागत गं!" भोंगा ओरडला. "तू आत जा!"

"आत काय जा? पाहुणे दिवस मावळायच्या आत येणार आहेत. पलंगावर चादर घालायची राहिलीय. पहिलेच पाहुणे, आणि खोलीत अजून..."

"आत जा म्हटलं ना!"

पाहुणा तर मी होतो. मी आलो होतो. मग हे कोण?

"कुठले पाहुणे?" मी म्हटलं.

आणि वर भोंगा धप्पकन खाली बसला.

विचार करून बसला नाही तो. त्याच्या अंगानं ऐकलं, खालचा बोलला. टाचा रोवल्या, पट्टा खेचला, पाठ पायरीला टेकवली. कपाट एकदम एक वीतभर सरकलं आणि कठडा आणि भिंत यांच्यात पाचरीसारखं बसलं. त्याला आता उठता येईना, कारण उठायला जोर लावला की कपाट माझ्यावर येत होतं. मला खाली जाता येईना, कारण मी हललो की पट्ट्यानं तो डोकं पुढं होऊन खाली ओढला जात होता. आम्ही दोघं, आणि मध्ये बापाचं कपाट.

"काय झालं? पाय गेला का?" तो घाबरून म्हणाला.

"कुठले पाहुणे?"

"आं?"

"कुठले पाहुणे येताहेत संध्याकाळी?"

तो म्हणाला, "अरे, तू बोललास म्हणून मी बसलो ना! वेडा आहेस का? मला वाटलं गेलास तू!"

"सांग."

"आधी खाली उतरवू, मग बोलू."

"नाही. आधी बोल."

खाली वहिनी जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या. मला त्या दिसत नव्हत्या, पण त्यांचा आवाज माझ्या पाठीशी होता. "भाऊजी, ह्यांनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"खोली माझी म्हणून सांगितलंय. येऊन राहा म्हणून. मी माझी जागा सोडून आलोय, वहिनी."

"अहो!" त्या वरती बघून ओरडल्या. "तुम्ही मला म्हणालात मित्र येतोय, हात लावायला येतोय, दोन दिवसांत जाईल!"

"तू गप्प बस गं जरा..."

"मी का गप्प बसू? भाऊजी, ऐका. खोली तुम्हाला नाही. ती आम्ही भाड्यानं देतोय, शहरातल्या लोकांना, शनिवार-रविवारी येतात ते. आज पहिली गाडी येतेय. तुम्हाला बोलवायला माझी ना नव्हती. पण राहायचं हे मला आत्ता कळतंय, आणि मला ते चालणार नाही. तोंडावर सांगते."

सकाळपासून एवढं सरळ कोणी बोललं नव्हतं माझ्याशी. मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही.

"ऐकलंस?" मी लाकडाला म्हटलं.

"अरे खांब्या, तुझी सोय केलीय मी!" लाकडापलीकडून आवाज आला. तोच जुना आवाज, बक्षिसी मागायचा. "मागं अवजारांची खोली आहे. छान कौलं आहेत. खाट टाकू तिथं. आणि पाहुण्यांच्या बॅगा वर न्यायला, पाणी तापवायला माणूस लागणारच की आपल्याला. तुला काम, मला..."

"तुला हमाल."

"असं का बोलतोस?"

"मित्र म्हणून बोलावलंस. कपाट उतरवायला बोलावलंस. आणि कपाट उतरलं की मला फावड्याशेजारी झोपवून, शहरातल्या लोकांच्या बॅगा माझ्या डोक्यावर. तिथून सुटून आलो मी, भडव्या, आणि तू तेच शहर इथं जिन्यावर आणून ठेवलंस!"

"शिव्या देऊ नको. घरात बाईमाणूस आहे."

"मला काही होत नाही," खालून वहिनी म्हणाल्या. "द्या."

भोंगा चिडला. अडकलेला माणूस चिडतो तेव्हा त्याच्या तोंडून खरं येतं. "तुला कोण ठेवणार होतं रे? सांग ना! कोण बसलंय तुझी वाट बघत? मी निदान फोन केला! आणि तू फार शहाणा आहेस का? आयुष्यभर खाली उभा राहून मोठा झालास तू! गोदामात सगळे म्हणायचे, खांब आहे म्हणून चाललंय. खांबाला विचारा. खांबाला बरं नाही, आज काम नको. आणि मी? मी भोंगा. मी वाजतो. माझे गुडघे गेलेत तुझ्यासाठी पायरीपायरीवर टाचा रोवून, ते कोणी बघितलं? तू कधी म्हणालास, की आज तू दमलास, तू बस?"

"मला बोलायची परवानगी होती का?"

"जिन्यावर नव्हती! जिन्याखाली कोणी अडवलं होतं तुला?"

हे खरं होतं. म्हणून मला जास्त राग आला.

माझ्या डाव्या गुडघ्याची थरथर थांबली. तेव्हा मला दोन्ही दिसायला लागलं, धरून ठेवणं आणि सोडणं. मी अंग बाजूला घेतलं, खांदा पट्ट्यातून काढला, की कपाट जिन्यावरून खाली जाईल, पुढचं दार फोडून अंगणात जाईल, आणि पट्ट्याला बांधलेला भोंगा त्याच्या मागं. त्यात अवघड काही नव्हतं. नुसता एक खांदा खाली करायचा.

"वहिनी, बाजूला व्हा," मी म्हटलं.

त्यांची पावलं मागं सरकली. वर भोंग्याचा श्वास ऐकू येत होता.

"पट्टा काढ," मी म्हटलं.

"काढला तर कपाट जाईल."

"जाऊ दे."

"तिच्या बापाचं आहे."

"मग पट्टा ठेव."

मी वाट बघितली. आणि तो म्हणाला, एकदम हळू, पण अगदी निर्धास्त, "तू सोडणार नाहीस रे. मला माहीत आहे ना."

तेच मला सहन झालं नाही. माझ्या पाठीवर तो इतकी वर्षं जगला, आणि त्याला पक्कं माहीत होतं की पाठ निघून जाणार नाही. त्याला लोंबकळत असतानासुद्धा माझी भीती वाटत नव्हती. मी किती नालायक, की तो बरोबर होता. खांदा खाली गेला नाही. मी सांगितलं तरी गेला नसता.

"ऊठ," मी म्हटलं. "डावी टाच मागच्या पायरीवर घे. आता बोलायचं नाहीस तू. एक शब्द नाही. मी सांगतो तसं."

"खालून कसं दिसणार तुला?"

"गप्प!"

तो गप्प झाला. आणि मी जिन्यावर, छातीवर कपाट घेऊन, बोलायला लागलो. श्वास जात होता, डोळ्यांपुढं काजवे येत होते, पण मी बोलत होतो. "तुझ्या बाजूनं उचल. कोपरा वर. अजून. कठडा सुटला. माझ्याकडं येऊ दे, येऊ दे, घाबरू नको. पायरी. पायरी. टेक." भिंतीच्या ओल्या रंगात माझा सगळा खांदा उमटला. असू दे म्हटलं.

कपाट ओसरीत उभं राहिलं. कंगोऱ्याचा टवकासुद्धा उडाला नव्हता. वहिनींनी त्यावरून हात फिरवला आणि तोंड वळवून घेतलं. भोंगा घामानं निथळत होता, आणि हसत होता. काही घडलंच नाही असं हसू.

"जमलं की नाही? अजून जोडी तीच आहे!" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल, हातपाय धू. मग मागची खोली बघू. तुला आवडेल बघ."

मी त्याचा हात काढला. बॅग उचलली, वळकटी काखेत घेतली, आणि जिना चढलो. वर खोलीत गेलो, दार लावलं, कडी घातली.

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग धावत आला. "ए! ए, काय करतोस? उघड! पाहुणे यायचेत!"

"आलेत," मी म्हटलं.

"अरे, गंमत पुरे आता. मी त्यांना शब्द दिलाय."

"मलाही दिला होतास."

त्यानं दाराला धडका दिल्या. दार तिच्या बापाच्याच काळातलं असावं, हललं नाही. मग विनवण्या, मग शिव्या, मग जुन्या आठवणी काढायला लागला, की कसे आपण एका ताटात जेवलो. मी पलंगावर बसून ऐकत होतो. खरंच मऊ होता. कंबरेला कळत नव्हतं की ह्या सुखाचं करायचं काय.

ऊन कलल्यावर अंगणात गाडी आली. एक बाई उतरली, एक माणूस, बाईच्या हातात छोटं कुत्रं. भोंगा धावला, हात जोडून. "या, या! प्रवास कसा झाला?"

"खोली कुठली आमची?" त्या माणसानं विचारलं. "वरची ना? फोटोत खिडकी बघितली होती."

मी खिडकी उघडली. तिघांनी वर पाहिलं, कुत्र्यानंसुद्धा. मी घामेजलेला, खांद्यावर भिंतीचा निळा रंग, केसांत जळमटं.

"भरलीय," मी म्हटलं.

"म्हणजे?" बाई म्हणाली.

"म्हणजे मी राहतो इथं."

मग खाली जे व्हायचं ते झालं. भोंगा कधी म्हणाला मी वेडा आहे, कधी म्हणाला भाऊ आहे, कधी म्हणाला रंगारी आहे, रंग झाला की जाईल. त्या माणसानं विचारलं, रंगारी असं सांगतो का, की मी राहतो इथं? बाई म्हणाली, आपण शांततेसाठी आलो होतो. कुत्रं भुंकायला लागलं. शेवटी गाडी वळली आणि गेली. भोंगा रस्त्यापर्यंत तिच्यामागं चालत गेला, आणि तिथंच फाटकाशी बसला, पाठ घराकडं करून. बसताना त्यानं दोन्ही गुडघे हातांनी धरले. ते मी पाहिलं. मी खिडकीतून बाजूला झालो.

बऱ्याच वेळानं दारावर टकटक झाली. ती त्याची नव्हती.

"भाऊजी, मी आहे. उघडू नका, नुसतं ऐका. पाहुणे गेले. आता ते दुसऱ्या कोणाला इकडं पाठवणार नाहीत, बदनामीच करतील. खोली रिकामी ठेवून मला परवडत नाही. भाडं देणार आहात का?"

"देईन. काम बघतो गावात काही."

"बॅगा उचलायला लावणार नाही कोणी. पण जेवण फुकट नाही, आणि आमच्या घरात ह्यांच्यावर ओरडायचं नाही. ओरडायचं ते मी ओरडेन."

"चालेल."

"आणि एक. इथं राहायचं ते भाडेकरू म्हणून. त्यांचा मित्र म्हणून नाही. मित्र म्हणून राहिलात की उद्या तुम्ही परत काहीतरी उचलत असाल, आणि मला ते बघवणार नाही."

मी खिडकीतून पाहिलं. भोंगा अजून तिथंच होता.

"मित्र म्हणून राहायचंच नाहीये, वहिनी."

"मग कडी काढा. चादर द्यायचीय."

मी उठलो आणि कडी काढली.